समदं मियीसन शंभर

चोपड्याच्या कॉलेजातली माझी पहिली सकाळ.
मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी मिठाचं द्रावण हवं होतं, दहा टक्के.
दहा ग्रॅम तोलले,
वर शंभर मिली पाणी ओतलं,
ढवळलं, लेबल चिकटवलं.
झालं.

परिचर धुडकू बाविस्कर स्टुलावर बसून
ब्युरेटमध्ये अडकलेला बुडबुडा झटकत होते.
मान वर न करता म्हणाले,
"पानी शंभर नही वो ताई.
समदं मियीसन शंभर."

पर्समध्ये एम.एस्सी.ची गुणपत्रिका होती,
प्राचार्यांना दाखवून झालेली, घडी अजून कडक.
मी तिच्याच झेरॉक्सच्या पाठीवर भागाकार मांडला.
दहा भागिले एकशे दहा:
नऊ पूर्णांक शून्य नऊ शून्य नऊ शून्य नऊ...
कागद संपला, बाकी संपेना.

मीठ पाण्यात नुसतं पाहुणं येत नाही,
शंभरात आपलीही मोजदाद मागतं.
एवढी साधी गोष्ट.
मी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली,
तेव्हा ते दुसरीकडे बघत होते,
मुद्दाम.

मग शिकले.
आधी मीठ, मग थोडंसंच पाणी,
विरघळू द्यायचं, घाई नाही,
मग खुणेपर्यंत थेंब थेंब.
गुडघे वाकवून डोळा खुणेशी आणायचा,
फ्लास्क उचलून डोळ्याशी नाही.

मार्चमध्ये दोन बाटल्या उरल्या:
पाच टक्क्यांचं दोनशे, दहा टक्क्यांचं तीनशे.
एकत्र करू म्हटलं, साडेसात होईल.
धुडकूदादा तेव्हा पहिल्यांदा हसले, सुपारीसकट.
"ज्याना घडा मोठा, त्यानाकडे वढस."
दोनशेतले दहा ग्रॅम, तीनशेतले तीस,
चाळीस ग्रॅम पाचशे मिलीत.
आठ.
सातवीत शाळा सुटलेला माणूस
बोटांच्या पेरांवर हे करून मोकळा झाला होता,
मी अजून पेनाचं टोपण शोधत होते.

एकदा त्यांनीच मला कोडं घातलं.
पन्नास मिली अल्कोहोल, पन्नास मिली पाणी,
सिलिंडरात बघा किती.
शहाण्णव आणि थोडं वर.
सांडलं नाही, उडालं नाही, मग बाकीचं?
मला उत्तर येत होतं, रेणूंचं, पोकळ्यांचं,
पण त्यांचं आधी आलं:
"यष्टीमा तीनना बाकवर चार जन नही बसतस का?"

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो,
सातपुड्याकडून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा.
सुट्टीत एका बाटलीचं बूच सैल राहिलं.
उघडलं तर गळ्याशी पांढरं कडं,
पाणी दोन बोटं खाली.
कुणी चिमूटभर काही टाकलं नव्हतं,
तरी टक्का वाढला होता.
लेबल मात्र जुनंच सांगत बसलेलं.

त्याच महिन्याच्या एकतीस तारखेला ते निवृत्त झाले.
शाल, नारळ, घड्याळ, आणि प्राचार्यांच्या भाषणात
त्यांचं आडनाव दोनदा चुकलं.
संध्याकाळी स्टोअरची किल्ली टेबलावर होती,
शेजारी लिटरभर द्रावण, बुचावर मेण,
शाईनं लिहिलेलं: मीठ, १०%, धु.बा.

मी ते जपून वापरते.
दर बॅचला थोडं.
पातळी उतरत चालली आहे,
दहाचे दहाच आहेत.

काल लासूरहून येणारी चैताली सोनवणे
तोललेल्या मिठावर
शंभर मिली पाणी ओतून मोकळी झाली.
मी ब्युरेट धूत होते.
मान वर न करता म्हटलं,
"पानी शंभर नही वो पोरी.
समदं मिळीसन शंभर."

तिने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि ओठ दाबून म्हणाली,
"मियीसन, मॅडम."